‘सख्खा का चुलत?’ : आमची फाइल ज्यांच्या टेबलावर आहे त्यांना खुलं पत्र

नमस्कार साहेब, मॅडम, बडे बाबू आणि मधले सगळे,

नाव घालून लिहायचं तर कोणाचं घालू तेच कळत नाही. अमेरिकेतली भावाची पोरगी दत्तक घ्यायची आमची फाइल दोन वर्षांत इतक्या टेबलांवरून फिरलीय की ती आता नक्की कोणाकडे आहे हे तुम्हालाच सांगता येत नाहीये, मागच्या मंगळवारी मी विचारलं तर खालचे म्हणाले वर गेली, वर गेलो तर म्हणाले खाली पाठवली. म्हणून खुलं पत्र. ज्यांच्या टेबलावर असेल त्यांनी आपलं समजून वाचावं. माझं नाव टाकत नाहीये, भीती म्हणून नाही, पण पोरीची ओळख कुठे उघड करायची नाही असं बाल न्याय कायद्यात लिहिलंय, २०१५ चा कायदा, कलम ७४, तर आम्ही आमच्या बाजूने तेवढं पाळतो.

मी अमळनेरचा. गावात सेवा केंद्र चालवतो, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, रेशनकार्डात नाव चढवणे, सातबारा, पीकविमा, सगळं. तेरा वर्षं झाली. फोटो वीस केबीत बसवणे आणि सर्व्हर डाऊन असताना म्हाताऱ्या माणसाला चिडू न देता बसवून ठेवणे ही माझी रोजीरोटी आहे. तर कागद या विषयात मी कच्चा आहे असं कोणी समजू नये. माझी हौस एवढीच होती की आयुष्यात एक तरी फॉर्म स्वतःसाठी भरावा, ती देवाने भारीच फेडली.

प्रकरण थोडक्यात सांगतो, फाइलमधे पहिल्या पानावर आहेच पण पहिलं पान कोणी वाचलंय असं मला वाटत नाही. माझा भाऊ अमेरिकेत होता, न्यू जर्सीला, सॉफ्टवेअरमधे. चुलतभाऊ. हा ‘चुलत’ शब्द मी तुमच्या ऑफिसात येईपर्यंत त्याच्यासाठी कधी वापरला नव्हता. काका लवकर गेले, तो नऊ वर्षांचा असल्यापासून आमच्याच घरात वाढला, एका ताटात जेवलो, एकाच सायकलवर शाळेत गेलो, पुढच्या नळीवर तो आणि पेडल मी. २०१९ ला त्याला तिकडे मुलगी झाली. २०२१ ला कोरोनात वहिनी, म्हणजे त्याची बायको, गेली. आणि मार्च २०२३ ला तो, हार्टचं. अडतीस वय होतं. वहिनी गेल्यावर त्याने शहाणपणाने मृत्युपत्र करून ठेवलं होतं की मला काही झालं तर पोरगी मोठ्या भावाकडे आणि वहिनीकडे द्यावी, म्हणजे आमच्याकडे. आम्हाला स्वतःचं मूल नाही. असतं तरी पोरगी आणलीच असती, ते सोडा.

दत्तकाचं होईपर्यंत पोरगी त्याच्या मित्राच्या घरी आहे, आंध्रचं कुटुंब, एकाच बिल्डिंगमधले. तिथल्या कोर्टाने त्यांना तात्पुरतं पालक नेमलंय, आणि अंतिम आदेश होईपर्यंत मुलीला राज्याबाहेर न्यायचं नाही अशी अट घातलीय. हे मी मुद्दाम लिहितोय कारण तुमच्यातल्या प्रत्येकाने मला निदान एकदा तरी विचारलंय, अहो सुट्टीत फिरायला म्हणून घेऊन या ना, मग इथेच बघू. साहेब, तसं करायला आम्हाला पोरगी पळवून आणावी लागेल. सरकारी माणसाने खुर्चीत बसून असा सल्ला द्यावा याचं मला खरंच कौतुक वाटतं.

आता मुद्द्यावर येतो. दुसऱ्या देशातलं मूल दत्तक घ्यायचं तर हेगचा एक करार आहे, १९९३ चा. भारत त्यात २००३ पासून, अमेरिका २००८ पासून. त्याच्या पाचव्या कलमात असं आहे की ज्या देशात मूल जाणार त्या देशाने आधी सांगायचं की हे आईबाप योग्य आहेत, त्यांना समजावून सांगितलंय, आणि मुलाला आमच्या देशात येऊन कायमचं राहता येईल. सतराव्यात आहे की दोन्ही देशांनी पुढे जायला हरकत नाही असं कळवायचं. तिथल्या कोर्टाला ही दोन पत्रं पाहिजेत. बस. त्यांच्या वकीलबाई मला दर महिन्याला मेलवर विचारतात, लेटर आलं का, आणि मी दर महिन्याला लिहितो, प्रोसेसमधे आहे. इंग्रजीत ते बरं दिसतं.

आणि आपल्याकडे नियम नाही असंही नाही, २०२२ च्या दत्तक नियमावलीत भारतीय नागरिकाने परदेशी मूल दत्तक घेण्यासाठी स्वतंत्र नियम आहे, मी प्रिंट काढून, पिवळा मार्कर मारून तुम्हाला तीन वेळा दिलाय. त्यात सुरुवातीला म्हटलंय की आवश्यक त्या गोष्टी आधी त्या देशात तिथल्या कायद्याप्रमाणे पूर्ण कराव्यात. लगेच पुढे म्हटलंय की इथून आईबापाचा गृह अभ्यास अहवाल, तिथून मुलाचा अहवाल आणि मेडिकल आलं की पाचव्या आणि सतराव्या कलमाप्रमाणे लागणारी मंजुरी दिल्लीने, म्हणजे तिथल्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाने द्यायची. तुम्ही काय करता, पहिल्या वाक्यावर बोट ठेवता आणि म्हणता ‘आधी तिकडचं पूर्ण करून या’. तिकडचा जज म्हणतो, आधी भारताचं पत्र आणा. दुसरं वाक्य वाचायला पान उलटावं लागतं हे मला मान्य आहे, पण दोन वर्षांत एखाद्या दिवशी उलटायला काय हरकत होती.

मला वाटतं खरी गोम वेगळीच आहे. तुमच्या रजिस्टरला सगळे रकाने आपलं मूल बाहेर जाण्याचे आहेत. परदेशातले लोक येतात, इथल्या संस्थेतलं मूल घेऊन जातात, ते तुम्हाला पाठ आहे, त्याचे नमुने आहेत, त्याचे जीआर आहेत. बाहेरचं पोर आत येणार म्हटलं की पेनच अडतं. पहिल्या दिवशी एका भल्या माणसाने, खरंच भला होता, चहा पाजला त्याने, मला विचारलं, ‘भो, लोक पोरं अमेरिकेला पाठवायला मरतात, तुम्ही तिथून इथं आणताय?’ मी हसलो. नंतर कळलं की तो त्याचा प्रश्न नव्हता, शेरा होता. फाइलवर पेन्सिलीने लिहिलेलं मी वाचलंय, ‘प्रयोजन तपासावे’.

मग सुरू झालं कलेक्टर का कोर्ट. २०२१ च्या दुरुस्तीने दत्तकाचे आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांनी द्यायचे ठरलं, १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालं, आणि जानेवारी २०२३ मधे मुंबई हायकोर्टाने सांगितलं की पुढचा आदेश होईपर्यंत कोर्टातल्या केसेस कोर्टातच चालू द्या. गोंधळ होणं साहजिक होतं, मी समजू शकतो. पण आमचा आदेश तर ना तुमच्या कोर्टाने द्यायचाय ना कलेक्टर साहेबांनी, तो न्यू जर्सीत व्हायचाय! हे सांगून सांगून माझा घसा बसला, तरी फाइल चार महिने इकडून तिकडे आणि तिकडून इकडे अभिप्रायासाठी गेली. कायदा म्हणतो दत्तकाचा अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत निकाली काढा. आमचा अर्ज दाखल करायचा कुठे, हे ठरवायलाच दुप्पट वेळ गेला.

त्यातून सुटलो तर ‘सख्खा का चुलत?’

तुमच्यातल्या कोणीतरी कायदा उघडला, त्याबद्दल आभार, आणि त्यात नातेवाईक या शब्दाची व्याख्या सापडली. काका, आत्या, मामा, मावशी, आणि दोन्हीकडचे आजी आजोबा. एवढेच नातेवाईक. बापाचा चुलतभाऊ त्यात नाही. म्हणजे मी त्या पोरीचा कायद्याने कोणी नाही. तुमचं बरोबर आहे, मी भांडत नाही. पण आमच्या प्रकरणाला जो नियम लागतो त्यात नातं विचारलेलंच नाही, नात्यातलं पोर असो की नसो, परदेशी मुलाला तोच नियम आहे. मग सख्खं का चुलत हे शोधण्यात वंशावळ, त्यावर तलाठ्याचा पंचनामा, त्यावर सरपंचाची सही, (मूळ गाव पारोळ्याकडे, त्यामुळे तिथले सरपंच), हे सगळं कशाला? आणि शेवटी कोणीतरी उपाय काय सुचवला तर आजीच्या नावाने करा. आजी व्याख्येत बसते ना! आजी म्हणजे माझी काकू, चौऱ्याहत्तर वय, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली, अमेरिका कुठे आहे म्हटलं तर नंदुरबारच्या पलीकडे हात दाखवते.

तुम्हीपण इकडचेच असाल, निदान अर्धे तरी, म्हणून सांगतो. तुमच्या घरी कानबाई, आपली खान्देशची देवी, बसत असेल. श्रावणात रविवारी कानबाई येते तेव्हा रोटाचे गहू मोजतात, आमच्याकडे घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मुठी घेतात, आणि रोट भाऊबंदांतच खायचा असतो, बाहेर द्यायचा नाही. ज्याच्या घरचा रोट आपल्याला चालतो तो भाऊ. आमच्या खान्देशात सख्खंचुलत तपासायची एवढीच पद्धत आहे आणि तिला शपथपत्र लागत नाही. २०२३ ला भाऊ जाऊन पाच महिने झाले होते. मी बघत होतो, काकू मुठी मोजत होती, भावाची मूठ आली तिथे हात थांबला तिचा, घेतली नाही, आणि शेवटी सगळं झाल्यावर हळूच एक मूठ वरून टाकली. पोरीबाळींच्या नावाने धरायची आमच्याकडे पद्धत नाही. कोणी काही बोललं नाही. माझी आई नुसतं म्हणाली, दळण जास्त होईल. काकू म्हणाली, होऊ दे.

असो. कागदांवर येतो, तिथे माझा अधिकार आहे.

पोरीची जन्मतारीख ७ एप्रिल २०१९. अमेरिकेत महिना आधी लिहितात, त्यामुळे दाखल्यावर ०४/०७/२०१९. तुमच्या ऑफिसात ती ४ जुलै झाली. नंतर मेडिकल रिपोर्टमधे एप्रिल असं अक्षरी आलं तर ‘जन्मतारखेत तफावत’ म्हणून त्रुटी निघाली. तफावत तुमच्या हस्ताक्षरात होती, पण खुलासा आमच्याकडून मागवला. शपथपत्र करा म्हणाले. सरकारी कामाच्या शपथपत्राला स्टॅम्प लागत नाही हे मी रोज दहा लोकांना सांगतो, तरी स्टॅम्पवरच आणा असा आग्रह झाला, आणि आमचं नशीब बघा, आमच्याच केसच्या मधे शंभरचे बंद होऊन पाचशेचे लागू झाले.

पुढे आईचं नाव. तिकडे जन्मदाखल्यावर आईचं लग्नाआधीचं नाव टाकतात, पद्धतच आहे. मृत्यूच्या दाखल्यावर लग्नानंतरचं. आपल्याकडे सासरी बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, वहिनीचं तर पत्रिका बघून पहिलं नावपण बदललं होतं. म्हणजे कागदावर दोन वेगळ्या बायका. एक मेली, एकीला मूल झालं. ‘मग मुलीची आई हयात आहे का?’ असं लेखी विचारलंय तुम्ही. लेखी. ते पत्र मी घरी दाखवलं नाही, केंद्राच्या ड्रॉवरमधे ठेवलंय.

आणि अपॉस्टिल. परदेशी कागद इथे चालावा म्हणून त्यावर तिकडच्या सरकारचं प्रमाणपत्र लावून येतं, भारत त्या व्यवस्थेत २००५ पासून आहे, मग वेगळं साक्षांकन लागत नाही. तुमच्या इथे ते सोनेरी सीलवालं पान बघून विचारलं गेलं, हे काय डेकोरेशन आहे, राजपत्रित अधिकाऱ्याचा गोल शिक्का घेऊन या. मी घेऊन आलो. खरं सांगतो, वादच घातला नाही, ओळखीच्या सरांकडून न्यू जर्सीच्या सरकारी कागदावर अमळनेरचा गोल शिक्का मारून आणला आणि तुम्ही तो खुशीने घेतला. त्या शिक्क्याला काय अर्थ आहे हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. तिकडच्या वकीलबाईंना स्कॅन पाठवला तर त्यांनी विचारलं, हा कोणता विभाग? काय सांगणार, सांगितलं की लोकल रिक्वायरमेंट.

यात सगळ्यात वाईट काय माहितीये का, कागद शिळे होतात. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो. पोलिसांचा दाखला सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही म्हणाले. मेडिकल सहा महिने. गृह अभ्यास अहवाल तीन वर्षं चालतो, पण तो करायला येणाऱ्या मॅडम पहिल्यांदा येऊ शकल्या अर्ज केल्यावर सात महिन्यांनी, कारण फेब्रुवारी २०२४ ला साहित्य संमेलन आमच्याच गावात होतं, सत्त्याण्णवावं, स्टाफ सगळा तिकडे. ठीक आहे, मीपण तीन दिवस दुकान बंद ठेवून मंडपात होतो. मग लोकसभेची आचारसंहिता, आमच्याकडे १३ मेला मतदान झालं. मग विधानसभा, २० नोव्हेंबर. तोपर्यंत मेडिकल शिळं. ते नवीन काढलं तर पोलिसांचा दाखला शिळा. तो आला तर मार्च उलटला. मी तिसऱ्यांदा संच केलाय, दरवेळी दोन झेरॉक्स, एक मूळ, एक पेनड्राइव्ह. आचारसंहितेत मुलीच्या फाइलवर सही केली तर कोणत्या पक्षाला फायदा होतो हे मला अजून समजलेलं नाही.

गृहभेटीच्या मॅडमबद्दल मात्र चांगलं लिहायला पाहिजे. त्या आल्या, दीड तास बसल्या, बायकोशी वेगळं बोलल्या, काकूशी बोलल्या, शेजारी विचारलं, संडास बघितला, मुलीसाठी खोली कोणती ते बघितलं. जाताना म्हणाल्या, मी माझ्याकडून आठ दिवसांत देते, आणि आठव्या दिवशी दिला. म्हणजे होतं. पुढे तो अहवाल कव्हरिंग लेटर नाही म्हणून पाच महिने एका कपाटात होता. कव्हरिंग लेटर चार ओळींचं असतं, मला सांगितलं असतं तर मी टाइप करून दिलं असतं, माझ्याकडे दहा रुपये पान आहे.

आता पोरीचं. दर रविवारी आपल्या संध्याकाळी साडेसातला, तिकडे सकाळचे दहा, व्हिडिओ कॉल असतो. बाप गेला तेव्हा चारची होती नव्हती, आता सहा पूर्ण झाले. तेव्हा मराठी बोलायची, मोडकंतोडकं पण बोलायची, मला मोठे पप्पा म्हणायची, काकूला मोठी माय. दोन वर्षांत ती तेलुगू शिकली. त्या माउलीच्या घरात तेलुगू आणि शाळेत इंग्रजी, तर मराठी राहणार कुठे. त्या लोकांचे उपकार फिटणार नाहीत, त्यांनी दोन पोरांत तिसरी सांभाळलीय, पण त्यांनाही परत यायचंय आणि ते आमच्या पत्रासाठी तिथे थांबलेत हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. काकू तिच्याशी अहिराणीत बोलते, ती काकूशी तेलुगूत, आणि दोघींचं काय चालतं देव जाणे पण पाऊण तास चालतं. पोरगी जेवण नको असलं की ‘वद्दु’ म्हणते. परवा माझ्या बायकोने काकूला अर्धी कळण्याची भाकर वाढायला घेतली तर काकू म्हणाली, वद्दु. आम्ही सगळे हसलो, मग गप्प झालो.

कॉल संपला की काकू मला एकच विचारते, ‘मनी नात कवय येई रे?’ म्हणजे माझी नात कधी येईल. मी २०२४ ला सांगितलं आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला. आखाजीला लेकी माहेरी येतात, अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता. यंदा सांगितलं नाही. झोका काकूने स्वतःच बांधून घेतला, शेजारच्या पोरी खेळल्या.

तर मागणं काय. मला सवलत नको, ओळख नको, आणि ‘बघून घेऊ’ म्हणणारे दोघं भेटले होते त्यांच्यामार्फत तर मुळीच नको, त्यांना चहा पाजून परत पाठवलंय. एकदाच, एकाच कागदावर, सगळ्या त्रुटी लिहून द्या. दर खेपेला एक त्रुटी काढायची आणि ती पुरी केली की दुसरी, ही पद्धत आमच्या केंद्रात मी केली तर लोक मला मारतील. फाइलवर ठळक लिहा की हे परदेशी मूल भारतात येण्याचं प्रकरण आहे, नातेवाईक दत्तक नाही आणि बाहेर पाठवायचंही नाही, म्हणजे पुढच्या टेबलावर तोच खेळ परत होणार नाही. आणि अहवाल दिल्लीला पाठवा, जावक क्रमांक मला एसएमएस करा, नाही केला तर मी येऊन लिहून घेतो. दिल्लीहून पत्र निघालं की पुढे तिथला आदेश, मग आपल्या वकिलातीत व्हिसा, गृह खात्याची परवानगी, ते सगळं आहेच, ते मी लढतो. हेगच्या त्याच करारात पस्तिसावं कलम आहे, एका वाक्याचं, की दत्तकाच्या कामात संबंधित अधिकाऱ्यांनी त्वरेने वागावं. त्याचीही प्रिंट फाइलला लावलीय, पान ११२. मार्कर नाही मारला, मार्कर संपला होता.

तिथल्या कोर्टात पुढची तारीख आहे. तात्पुरतं पालकत्व परत वाढवतील, वकीलबाई म्हणाल्या की जजनी मागच्या वेळी विचारलं होतं, भारतातल्या कुटुंबाला खरंच मूल हवंय ना?

मी सोमवारी परत येतोय. मेडिकल नवीन काढलंय, दोघांचं, तारीख परवाची आहे. जळगावची पहिली गाडी पकडून जेवणाच्या सुट्टीच्या आत पोचतो. कोणत्या टेबलावर यायचं तेवढं ठरवून ठेवा.

आपला,
एक सेवा केंद्रवाला
अमळनेर, जि. जळगाव